फराहबागेतलं पाणी

अहो, तुमचा पाहुणा आला होता. दादा. विहिरीच्या दाव्याची तारीख होती. जामखेडच्या गाडीनं माळीवाड्याच्या स्टँडवर उतरला आणि पायांना सवय म्हणून थेट कोर्टात तुमच्या टेबलाशी गेला. तिथं कोणी नवा कारकून बसलेला. त्यानं विचारलं, "कोण पाहिजे?" तेव्हा कुठं माझ्या भावाला आठवलं, की गेल्याच महिन्यात आपण तुम्हाला खांदा दिला. तसाच घरी आला, दारात पिशवी ठेवली आणि म्हणाला, "सुमे, येड्यावानी दाजींस्नी हुडकीत बसलो गं." मग आम्ही दोघं बहीणभाऊ पोटभर रडलो. तेराव्यालासुद्धा मी एवढी रडले नव्हते. तेव्हा घरात माणसं फार होती आणि प्रत्येकाला चहा द्यायचा होता.

तुमच्या कोर्टातल्या लोकांनी शोकसभा घेतली. वक्तशीर, शिस्तप्रिय, मितभाषी असं काय काय बोलले. मितभाषी म्हटल्यावर मला तिथंसुद्धा हसू आलं. पदर तोंडावर धरला, तर बायकांना वाटलं हुंदका आवरते आहे. यांतल्या एकाला जरी तुम्ही दिल्ली दरवाज्यापासून फराहबागेपर्यंत चालवत नेलं असतं, तरी तो शब्द कुणाच्या तोंडी आला नसता. पण कोर्टातल्या लोकांना तुम्ही कधी नेलंच नाही. तुमचं बोलणं राखून ठेवलेलं होतं पाहुण्यांसाठी.

आणि पाहुण्यांना आपल्याकडे काय तोटा? नगरला दवाखाना, नगरला कोर्ट, नगरला कलेक्टर कचेरी. माझ्या माहेरचं नाहीतर तुमच्या गावचं कुणीतरी आठवड्याला दारात उभं. त्यांना वाटायचं आपलं काम झालं, आता दोन घास खाऊन परतीची गाडी धरू. तुम्ही आधीच चपला घालून तयार. "नगरला आलात आणि राजधानी न बघता जाता?" बिचारा माणूस मुकाट्यानं उठायचा. आधी दिल्ली दरवाजा. मग बागरौजा, शहर वसवणारा सुलतान जिथं झोपलाय तो. तिथं बाहेर हत्तीची कबर आहे, ती दाखवताना तुमचा आवाज सुलतानापेक्षा हत्तीसाठी जास्त हळू व्हायचा. मग कापडबाजारातून उलटं किल्ल्याकडे. किल्ला मिलिटरीच्या ताब्यात, आत जायला मिळायचं ते झेंडावंदनाच्या दिवशी. एरवी तुम्ही खंदकाच्या बाहेर उभे राहून आतला राजवाडा हातांनी हवेत बांधून दाखवायचे. पहाऱ्यावरचा शिपाई तुमच्याकडे बघत राहायचा. पुढं दमडी मशिदीची दगडी नक्षी, आणि शेवटी गावाबाहेर फराहबाग. चांदबीबीचा महाल लांब डोंगरावर, तो बोटानं दाखवून सोडून द्यायचा, हीसुद्धा तुमची मेहेरबानीच.

पुण्याचं कुणी आलं, की मग तर तुम्हाला चेव यायचा. "पुण्याची जहागीर कुठून दिली गेली? इथून." जणू तुम्हीच सही केली होती. कैरो आणि बगदादशी या शहराची तुलना व्हायची, असं तुम्ही एकदा जेवताना सांगत होता. मी म्हटलं, बगदादला नळाला रोज पाणी येत असेल. पाहुणे हसले. तुम्ही भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून म्हणालात, "हिला एकदा नेलं पाहिजे. दोघंच जाऊ, निवांत."

दोघंच. हा शब्द तुम्ही किती वर्षं वापरलात हो? पाहुणे गेले की जाऊ. उन्हाळा सरला की जाऊ. आपल्या बाळूची परीक्षा झाली की जाऊ. बाळू परीक्षा देऊन, नोकरी धरून, नाशिकला बिऱ्हाड करून बसला. तुम्ही रविवारी सकाळी दाढी करताना म्हणायचात, "आज जाऊया का?" आणि तेवढ्यात दाराची कडी वाजायची. मी भाकरीचं पीठ वाढवायची आणि तुम्ही चपला घालायचे. आता घरी कुणी नसतं, कडी वाजत नाही, आणि आख्खा रविवार नुसता पडून असतो.

तसं मी नगर पाहिलं होतं. एकदाच. नवी नवरी असताना, तुमच्या पाठीमागून. माळीवाड्याच्या गणपतीला जोडीनं पाया पडायला नेलं होतं आपल्याला. पाया पडून झालं, तसं तुम्ही आईंना म्हणालात, "सुनेला गाव दाखवूया." आई म्हणाल्या, "गाव काय पळून चाललंय?" तरी तुम्ही निघालातच. तुम्ही पुढं, मागं आई, मग वन्सं आणि शेवटी मी, पदर सावरत. आपल्यात नवऱ्याच्या शेजारून चालायची रीत नव्हती. तुम्ही पुढून जे बोलत होता ते माझ्यापर्यंत अर्धंमुर्धं पोचत होतं. मला दिसत होती ती तुमची पाठ, पांढऱ्या सदऱ्याची, घामानं मधोमध ओली झालेली. राजधानी म्हटलं की मला आधी ती आठवते.

फराहबागेपाशी तुम्ही थांबलात. समोर तो मोठा महाल आणि त्याच्या भोवती कोरडा ठणठणीत खोलगट माळ. तुम्ही आमच्याकडे वळून म्हणालात, "हा महाल तळ्याच्या मधोमध होता. आता आपण पाण्यात उतरतोय. चपला काढा, डाव्या हातात घ्या. उजवा मोकळा ठेवा, धरायला लागतो." आई म्हणाल्या, "याचं डोकं फिरलंय." पण लेकाच्या हौसेखातर त्यांनी वहाणा काढल्या, वन्संनीही काढल्या. तुम्ही त्या दोघींना हात धरून उतरवलंत. मग मागं आलात, माझ्यापुढं हात केलात आणि म्हणालात, "हात द्या. खोल आहे."

आणि मी म्हटलं, "पाणी कुठंय?"

केवढ्यांदा म्हटलं! आई हसता हसता खालीच बसल्या. "सून हुशार मिळाली गं बाई!" तुम्ही हात मागं घेतलात आणि टोपी सारखी केलीत. ती सारखीच होती. मी चपलांसकट टपाटपा तो माळ ओलांडून गेले.

तेव्हापासून आपलं हे भांडण. तुम्ही प्रत्येक पाहुण्याला तिथं चपला काढायला लावायचे. घरी आल्यावर पाहुणे मोरीत पाय धुताना सराटे उपटत बसायचे, आणि मी आतून म्हणायचे, "ओलं झालं असेल नाही सगळं?" तुम्ही म्हणायचात, "ज्याला दिसत नाही त्यानं बोलू नये." मी म्हणायचे, जिथं पाणी नाही तिथं आहे म्हणू नये. ही आमच्या जामखेडकडची शिकवण आहे. आमच्याकडे घागरीचा आवाज ऐकून बाई सांगते, किती भरली आहे. लहानपणी भातुकलीत आम्ही रिकाम्या तांब्यातून पाणी ओतल्याचं सोंग केलं, तर आजी पाठीत धपाटा घालायची. पाण्याचं खोटं बोललं की ते रुसतं, म्हणायची. तुम्हाला ती थट्टा वाटायची. तुम्ही सीना नदीच्या काठची माणसं.

दादाची गंमत मात्र तुम्ही जन्मभर सांगितलीत आणि ती शोकसभेत कुणीतरी सांगायला हवी होती. दाव्याची पहिलीच तारीख. तुम्ही त्याच्यासाठी रजा काढलेली. दादा म्हणे, "दाजी, कोर्टात बसू या का? म्होरं पुकारा व्हईल." तुम्ही कोर्टातला माणूस, तुम्हाला कोण शिकवणार? "अहो दादा, विहिरीबिहिरीचे दावे जेवणाच्या सुट्टीनंतर. माझ्या हातून रोज जातात. चला, तोवर दमडी मशीद होईल." आणि नेमका त्याच दिवशी आधीच्या दाव्यांचे सगळे वकील गैरहजर. दादाच्या नावाचा तीनदा पुकारा झाला तेव्हा तो मशिदीच्या दगडी फुलावर बोट फिरवत होता, आणि तुम्ही त्याला सांगत होता की हे फूल उमलतं कुठून ते शोधा. वकिलानं कशीबशी पुढची तारीख घेतली. मी घाबरले, म्हटलं दाजी-मेव्हण्यांत आता कायमचं वैर. दादा जेवायला बसला, दोन भाकऱ्या खाल्ल्या, आणि म्हणाला, "सुमे, दावा हुतोय हळूहळू. पर ते फूल काय घडवलंय गं." पुढच्या तारखेला तोच म्हणाला, "दाजी, हत्ती राह्यलाय."

विहीर भावकीतली, हिस्सा किती कुणाचा यावरून दावा. विहिरीला पाणी असताना सुरू झाला, आटली तरी चालूच. दादाच म्हणायचा, "हिरीत न्हाई, पर दाव्यात लई पानी हाय."

आणि मग हा दुष्काळ. गेल्या दिवाळीनंतर दादा आला तेव्हा त्याचा चेहरा बघवत नव्हता. गावात बैलगाडीवर टिपाडं घालून लांबून पाणी आणतात म्हणाला, दावणीची जनावरं पांजरपोळात धाडली, घरची माणसं खडी फोडायला. मी रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी केल्या होत्या, त्या कोरड्याच तो मोडून खात होता. जेवण झालं आणि तुम्ही सवयीनं चपलांकडे गेलात. माझा तोल गेला. म्हटलं, "या वर्षी तरी ते पाण्याचं सोंग करू नका हो. माझ्या माहेरी माणसं घोटासाठी तळमळतात आणि तुम्ही कोरड्या माळावर चपला काढताय."

तुम्ही उंबऱ्याशी वळलात. मग हळूच म्हणालात, "तुझ्या दादाची विहीर तरी कुठं भरलेली आहे? पण दावा चालवतोच ना तो? इथं पाणी होतं, एवढं कुणीतरी म्हणत राहिलं पाहिजे. सगळेच नाही म्हणायला लागले, तर पाण्यानं यायचं कुणासाठी?"

मी भांडी घासायला घेतली. ते भांडण तसंच राहिलं. मी मनाशी म्हटलं होतं, उत्तर सुचलं की सांगेन. पुढं संक्रांत झाली, आणि मग एका सकाळी तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात तो ठेवलातच.

त्या दिवशीचं पुढचं मला माहीत नव्हतं. ते काल दादानं सांगितलं. आम्ही रडून, डोळे पुसून बसलो होतो, आणि तो म्हणाला, "त्या बारीला दाजी तळ्यापशी आले. मला चपला काढा बी म्हनले न्हाईत. हात बी धरला न्हाई. एकलेच चपला काढून उतारले. मी काठावर हुतो. मधी जाऊन मागं बघितलं त्यांनी. म्हटलं काय झालं दाजी? तर म्हनले, काय न्हाई, तुमची बहीण म्हनते ते खरं हाय. आन् हसले. आन् तसंच अनवाणी पलीकडं गेले की."

तुम्ही माझं खरं म्हणालात आणि चपला मात्र हातातच ठेवल्यात. हे तुमचंच काम.

दादा दुपारी कोर्टात जाऊन आला. पुढची तारीख पडली. गाडीला वेळ होता. तो भिंतीला टेकून बसला, मग उठला, मग पुन्हा बसला. "दाजी असते तर आत्तापर्यंत किल्ल्यापशी पोचलो असतो," म्हणाला. मी चपला घातल्या. महिनाही झाला नाही तोवर बाई गावभर हिंडायला निघाली, असं वाड्यातल्या बायका म्हणणार, ते म्हणू देत. दादानं विचारलं, "कुटं?" मी म्हटलं, "चल. राजधानी न बघता जाणार आहेस का?"

मी पुढं आणि दादा मागं. अहो, मला सगळं येत होतं. तुम्ही बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना जे जे सांगत होता ते आत चुलीपाशी बसून मी इतकी वर्षं ऐकलं होतं. दिल्ली दरवाज्याशी मी तुमच्यासारखीच थांबले. बागरौजात हत्तीपाशी माझा आवाज आपोआप खाली आला. एके ठिकाणी मी चुकले, तर दादा मागून म्हणाला, "न्हाई गं, दाजी तसं न्हाई सांगायचे," आणि त्यानं तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, तुमच्यासारखी बोटं हलवून. मशिदीत त्यानं आपलं फूल शोधलं आणि त्यावर बोट ठेवून उभा राहिला. कापडबाजारात ओळखीच्या माणसांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. मला एकच चमत्कारिक वाटत होतं. पहिल्यांदाच समोर कुणाची पाठ नव्हती. रस्ता एकदम मोकळा, दूरपर्यंत दिसणारा. मी मधूनच हळू चालायचे, कुणीतरी पुढं जाईल म्हणून.

फराहबागेपाशी ऊन कलतीला आलं होतं. माळ या वर्षी आणखी भेगाळलाय. बाभळीच्या शेंगासुद्धा शेरडांनी खाऊन संपवल्या आहेत. महाल मधोमध तसाच उभा, कुणाची तरी वाट बघणाऱ्या म्हाताऱ्या माणसासारखा. मी काठावर थांबले.

आता तुम्हाला सांगते, जे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्हाला जन्मभर वाटत राहिलं, की त्या दिवशी तुम्ही काय केलंत ते या खेड्यातल्या पोरीला कळलं नाही. मला कळलं होतं. चौघांत नवरा बायकोचा हात धरू शकत नाही, म्हणून तुम्ही एक तळं भरलंत. तेवढ्यासाठी आईंच्या वहाणा काढायला लावल्यात. मला तिथल्या तिथं कळलं होतं. पण आई बघत होत्या, वन्सं बघत होत्या. तोंडातून निघालं, पाणी कुठंय. नंतर तुम्ही येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तसंच उतरवत राहिलात, आणि मला वाटायचं, एकदा दोघं जाऊ तेव्हा तुम्ही पुन्हा म्हणाल, हात द्या, आणि तेव्हा मी देईन. मी ते भांडण तेवढ्यासाठीच तर जिवंत ठेवलं होतं. मिटवलं असतं, तर तुम्ही परत कशाला विचारलं असतं?

दादा माझ्या शेजारी आला. मोठा भाऊ तो, त्याला काय वाटलं असेल कोण जाणे. त्यानं वहाणा काढल्या, धोतर गुडघ्यापर्यंत वर खोचलं आणि माझ्यापुढं हात केला. "सुमे, हात दे. खोल हाय."

जामखेडचा माणूस. ज्याची विहीर आटली आहे, तो.

मी म्हटलं, "तू थांब दादा इथंच. तुला पोहायला येत नाही."

तो थांबला. मी चपला काढल्या. जमीन तापलेली होती आणि पायाला सराटे टोचत होते. नेसूचा घोळ थोडा वर धरला, भिजू नये एवढा. चपला डाव्या हातात घेतल्या आणि उतरले. उजवा मोकळा ठेवला.